धसईच्या वरकसावर द्राक्ष आणि लव्हेंडर

भाताची झोडणी आटोपून पेंढा रचला गेला आणि खाचरांतील ओलीवर वाल पेरून झाला म्हणजे मुरबाड तालुक्यात धसईच्या आसपास शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. पुढील वर्षाचे बेत बहुधा याच दिवसांत ठरतात. अलीकडे या बेतांत एका नव्या गोष्टीची भर पडू लागली आहे. कल्याण-डोंबिवलीकडे नोकरीस असलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, खिशातील मोबाईलवर जांभळ्या फुलांच्या रांगा आणि मांडवावर लोंबणारे द्राक्षांचे घड वडिलांना दाखवितो आणि म्हणतो, "बाबा, आपलं दोन-अडीच एकर वरकस नुसतं पडून असतं. अर्ध्यात वाईनची द्राक्षं लावू, अर्ध्यात लव्हेंडर. मी नोकरी सोडून घरी येतो." वडील काही बोलत नाहीत. थोड्या वेळाने ते एवढेच विचारतात, "मे महिन्यात पाणी कुठलं घालणार?"

या संवादाला हसून चालणार नाही. मुलाचे म्हणणे पोरकट वाटले तरी त्याच्या मुळाशी तीन खऱ्या गोष्टी आहेत. भाताच्या एका पिकावर आज दोन-तीन एकरांच्या कुटुंबाचा वर्षभराचा संसार चालत नाही. वरकस जमिनीत नाचणी-वरी घेण्याचे कष्ट आणि मिळणारे धान्य यांचा मेळ बसत नाही, म्हणून ती जमीन गवतावर सोडली जाते. आणि शिकलेला मुलगा आपण होऊन शेतीकडे परत येऊ पाहतो, ही गोष्ट तर कोणत्याही पिकापेक्षा मोलाची आहे. तेव्हा त्याच्या बेतातील इच्छा कोणती व पीक कोणते, हे वेगळे काढून पाहावयास हवे. इच्छा योग्य आहे. पिके मात्र धसईची नव्हेत, असे स्पष्ट सांगणे भाग आहे.

नवी गोष्ट म्हटली की हे गाव बिचकते, असेही नाही. २०१६ च्या डिसेंबर महिन्यात राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वत्र झळकले. आसपासच्या खेडीपाड्यांची ही बाजारपेठ, तेथील दुकानदारांनी पैसे घेण्याची यंत्रे आणली. परंतु दुकानातील यंत्र नको झाले तर परत करता येते. द्राक्षाचा मांडव तसा परत करता येत नाही. त्याचे लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, कलमे आणि खड्डे यांत एकरी काही लाख रुपये जमिनीत रुतलेले असतात आणि त्यांची फेड व्हावयास बाग दहा-पंधरा वर्षे टिकावी लागते. म्हणून लागवडीपूर्वीचा विचार जितका बारकाईने होईल तितका थोडाच.

द्राक्ष आणि लव्हेंडर ही जोडी मुळात आली कोठून? फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. तेथील टेकड्यांवर ही दोन्ही पिके शेजारी-शेजारी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात, आणि चित्रांत दिसतात ती बहुतेक शेते तेथलीच. त्या प्रदेशात पाऊस मुख्यतः हिवाळ्याच्या मागेपुढे पडतो. उन्हाळा कोरडा जातो. जमीन चुनखडीची, उथळ व पाणी न धरणारी. झाडाला पाने, फुले, फळे येतात ते दिवस लख्ख उन्हाचे आणि झाड झोपलेले असते ते दिवस ओलीचे. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. धसईला वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, चार महिन्यांत कोसळतो आणि याच चार महिन्यांत येथील उष्णतेमुळे झाडाची वाढ सर्वांत जोरात चाललेली असते. ज्यांना ओल्या पानाचे वावडे आहे अशा दोन पिकांना या हवेत आणून बसविणे म्हणजे उंटाला कोकणात चरावयास सोडण्यासारखे आहे.

यावर मुलगा लगेच विचारील की, मग घाटावर द्राक्षे कशी होतात? प्रश्न रास्त आहे. धसईच्या परिसरातून पूर्वेला पाहिले की सह्याद्रीची भिंत दिसते. माळशेज घाट चढून ओतूरवरून पुढे गेले की जुन्नर-नारायणगावचा द्राक्षबागांचा मुलूख लागतो. अंतर ते किती! परंतु ढग आपले बहुतेक ओझे भिंतीच्या अलीकडेच उतरवितात. घाटमाथा ओलांडून वीस-पंचवीस मैल पूर्वेला गेले की पाऊस धसईच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. नाशिक जिल्ह्यातही त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला भात आणि निफाड-दिंडोरीच्या बाजूला द्राक्ष, अशी वाटणी पावसानेच करून ठेविली आहे. त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने इगतपुरीच्या खाचरात द्राक्ष लावण्याचा हट्ट धरला नाही, हे लक्षात घ्यावे.

वेलीच्या अंगी काय घडते, ते थोडे समजून घेतले म्हणजे हा मुद्दा अधिक पटेल. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. आपल्या हवेत ती झोपत नाही, म्हणून महाराष्ट्रातील बागायतदारांनी वर्षातून दोन छाटण्यांची रीत बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करावयाची. तीतून नवीन काड्या फुटतात, आणि छाटणीनंतर सुमारे चाळीस ते साठ दिवसांत त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. यास भरपूर सूर्यप्रकाश लागतो. पुढे पावसाळ्यात काडी पिकते, तपकिरी होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी केली म्हणजे त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. जानेवारी ते मार्च ही वाईनच्या द्राक्षांची काढणी. धसईला एप्रिलची छाटणी होईल, फूटही जोमाने येईल. पण डोळ्यांत घड बसण्याचे दिवस पुरे होतात न होतात तोच आभाळ भरून येईल, आणि मग शंभर-सव्वाशे दिवस पाने सुकण्याची संधीच मिळणार नाही. करपा आणि केवडा हे दोन्ही रोग ओल्या पानावरच फैलावतात. पावसात फवारलेले बोर्डो मिश्रण धुऊन जाते, पुन्हा फवारावे तर पुन्हा पाऊस. ऑगस्टअखेर पानगळ झालेली वेल काडी पिकवू शकत नाही आणि न पिकलेल्या काडीवर ऑक्टोबरमध्ये कितीही चांगली छाटणी केली तरी घडांऐवजी बहुधा वांझ फूटच यावयाची.

घाटावरच्या बागायतदारालासुद्धा हे संकट सुटलेले नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने नाशिक भागातील फुलोऱ्यातील बागांची मोठी हानी केली, तेव्हापासून तेथील काही बागायतदार बागेवर प्लास्टिकचे छत उभारू लागले आहेत. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या मुलखातील शेतकरी ज्या पावसाला भिऊन छत घालतो, त्याच्या चौपट पाऊस अंगावर घेणाऱ्याने काय करावे, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. वाईनच्या द्राक्षाला आणखी एक गोष्ट लागते. मण्यात साखर भरपूर भरावी आणि आंबटपणाही टिकून राहावा, यासाठी दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारठा दोन्ही पाहिजेत. निफाडला थंडीच्या दिवसांत पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. घाटाच्या पायथ्याची रात्र तशी गार नसते.

पण समजा, हे सारे निभावले आणि द्राक्षे आली. ती विकावयाची कोणाला? येथे शेतकऱ्याने विशेष सावध असावे. वाईनचे द्राक्ष हे खाण्याचे द्राक्ष नव्हे. शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शेनँ ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या जातींचे मणी लहान, बियांचे, आणि त्यांतील काहींची साल जाड. कल्याणच्या बाजारात करंडी भरून नेली तर गिऱ्हाईक एक मणी तोंडात टाकून पुढे निघून जाईल. या मालाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाईनचा कारखाना. आणि ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते त्याचा भाव ते गिऱ्हाईक ठरविते.

महाराष्ट्रातील वाईनचा इतिहास यासाठी थोडा चाळण्यासारखा आहे. नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात हा उद्योग उभा केला. पुढे राजीव सामंत अमेरिकेतील शिक्षण व नोकरी आटोपून परत आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला त्यांच्या कुटुंबाची जमीन होती. तीवर त्यांनी प्रथम आंबा, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून पाहिले, १९९७ च्या सुमारास वाईनच्या जाती लाविल्या आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. कुटुंबाच्या शेतातून हा व्यवसाय उभा राहिला, हे खरे. पण त्या शेताला पाऊस नाशिकचा होता, फळाचा रस आंबविणारा कारखाना त्याच शेतात उभा राहिला, आणि त्यासाठी परक्या देशातील जाणकार व मोठे भांडवल मिळविता आले. द्राक्ष लाविले आणि श्रीमंत झाले, असे तेथे घडले नाही.

२००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, कारखाने वाढले आणि नाशिक भागातील पुष्कळ शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे काढून वाईनच्या जाती लाविल्या. मग २००८ नंतर मंदी आली. कारखान्यांत माल पडून राहिला, शेतकऱ्यांची द्राक्षे घेतली जाईनात, घेतली त्यांचे पैसे वेळेवर मिळेनात, आणि कित्येकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. ज्यांच्या हातात भावाचा, मुदतीचा आणि उचलीचा लेखी करार होता त्यांचे हाल त्यातल्या त्यात कमी झाले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्याला विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. या व्यवसायाचे भवितव्य अशा रीतीने शेताबाहेर, कायद्याच्या व लोकमताच्या हाती असते. घरी थोडी वाईन करून येणाऱ्या-जाणाऱ्यास विकू, असे कोणाच्या मनात असल्यास त्याने ते काढून टाकावे. परवान्यावाचून असे करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा ठरतो. घरात माळकरी मंडळी असतील तर तो वाद आणखी वेगळाच.

लव्हेंडरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण येथे उत्तर अधिकच सरळ आहे. भारतात हे पीक खरोखर यशस्वी झाले ते जम्मू विभागातील डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या परिसरात. तेथील शेतकरी डोंगरउतारावर मका घेत असत. जम्मूच्या भारतीय समवेत औषधी संस्थेने तेथे रोपे व ऊर्ध्वपातनाची यंत्रे पुरविली, केंद्र सरकारच्या सुगंध अभियानाने त्या कामास जोर आला, आणि फुलांच्या रंगावरून लोक त्यास जांभळी क्रांती म्हणू लागले. तेलाला लिटरमागे दहा हजार रुपये मिळतात, हे वाचून येथील तरुणाचे डोळे दिपतात. परंतु भद्रवाह समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तेथे बर्फ पडते, आणि लव्हेंडरला फुलावर येण्यासाठी तो गारठा उपयोगी पडतो. आमच्या वरकसाची जमीन आम्लधर्मी. लव्हेंडरला चुनखडीची लागते. मुळांशी पाणी साचले की हे झाड सडते, आणि जुलैच्या झडीत धसईला कोणते मूळ कोरडे राहते? कुंडीत घराच्या पडवीला दोन रोपे ठेवावयास हरकत नाही. शेतात नको.

दूरच्या पिकाच्या भावाचा आकडा ऐकून लागवड करण्याचे वेड नवे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मादागास्करमध्ये चक्रीवादळाने व्हॅनिलाची लागवड उद्ध्वस्त केली, जगात भाव आकाशाला भिडले, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी माडा-पोफळीवर व्हॅनिलाचे वेल चढले. वेल फळास येईपर्यंत मादागास्कर सावरले होते आणि भाव कोसळले. सफेद मुसळी, कोरफड, जट्रोफा यांची आठवण जुन्या कार्यकर्त्यांना असेलच. अशा प्रत्येक लाटेत एक खूण सारखी सापडते. रोपे विकणारा आणि पुढे माल विकत घेण्याचे आश्वासन देणारा माणूस एकच असतो. त्याचा नफा रोप विकताना झालेला असतो. नंतर तो माल घ्यावयास आला नाही तरी त्याचे काही बिघडत नाही.

आता बेताची दुसरी बाजू. सुगंधी फूल आणि फळ, थोडी जमीन, घरचेच हात आणि जवळचे मोठे शहर, एवढे त्या मुलाला हवे आहे. हे सर्व त्याच्या जिल्ह्यातच आहे. फक्त त्याचे नाव लव्हेंडर नाही, मोगरा आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याच्या जव्हार-विक्रमगड भागात आदिवासी शेतकऱ्यांनी अशाच वरकस तुकड्यांवर मोगऱ्याची लागवड केली आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरळी कांचन येथे स्थापिलेल्या बाएफ या संस्थेने दक्षिण गुजरातेत वांसदा येथे १९८२ मध्ये वाडीचा कार्यक्रम सुरू केला, पुढे तो जव्हारकडे आला. एका एकरात कलमी आंबा व काजू, कडेला जळण-लाकडाची झाडे, आणि फळे येईपर्यंतच्या वर्षांत घरात पैसा यावा म्हणून मधल्या जागेत भाजी किंवा फूल. मोगरा या मधल्या जागेत बसला आणि पुष्कळ घरांत तोच मुख्य होऊन बसला. पाऊस जव्हारला धसईपेक्षा कमी नाही. तेथे जे झुडूप टिकले ते येथे टिकण्यास हवेची अडचण येऊ नये.

मोगऱ्याचे चक्र आपल्या ऋतूंशी जुळते, हा त्याचा खरा गुण. पावसाळ्यात झुडूप वाढते. उताराच्या, पाणी न साचणाऱ्या जागी त्याला झडीने इजा होत नाही. पाऊस संपला की पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, भातकापणी उरकल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुमारे दीड फुटावर छाटणी करावयाची, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावयाचे. फेब्रुवारी-मार्चपासून कळी लागते आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालते. भाताच्या कोणत्याही मोठ्या कामाशी तिचा फारसा तंटा नाही. कल्याणची फुलबाजारपेठ पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, त्यापुढे दादर. मोगऱ्याला गिऱ्हाईक एक नाही, हजारो आहेत: गजरेवाल्या बाया, हार करणारे, देवळे, लग्नघरे. भाव चढतो-उतरतो. लग्नसराईत वर जातो, आवक वाढली की आठवड्यात निम्म्यावर येतो. तरी आजचा माल आज विकून संध्याकाळपूर्वी हातात पैसे येतात, ही सोय वाईनच्या कारखान्याशी व्यवहार करणाऱ्यास नाही.

मात्र मोगऱ्याचीही एक कडक अट आहे आणि ती सांगितल्यावाचून शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कळी उमलण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात खुडावी लागते. फुललेल्या मोगऱ्याला बाजारात किंमत नाही. हंगामात एकही दिवस सुट्टी नाही. घरात लग्न असो, ताप असो, पहाटे बॅटरी घेऊन रांगेत उभे राहावेच लागते. मजूर लावून खुडणी केली तर भाव उतरल्यावर मजुरीही सुटत नाही. या कामाचा भार बहुतेक घरांत बायकांवर पडतो, आणि लागवडीचा निर्णय मात्र पुरुष परस्पर घेतात. तेव्हा किती झुडपे लावावयाची ते जमिनीच्या क्षेत्रावरून ठरवू नये, घरातील हातांवरून ठरवावे, आणि ज्यांचे हात लागणार त्यांना विचारून ठरवावे. पाच फूट अंतरावर लावले तर पाच गुंठ्यांत दोनशेहून अधिक झुडपे बसतात. दोघा-तिघा माणसांच्या घराला आरंभी एवढी पुरेत. वर्ष-दोन वर्षे बाजाराची व पहाटेची सवय झाली म्हणजे फाटे लावून तीच लागवड स्वस्तात वाढविता येते. भेंडी-काकडीची रोजची तोडणी करणारी कुटुंबे मुरबाड-शहापुरात आहेत. त्यांना हे काम नवखे वाटणार नाही. कळी पोखरणारी अळी आणि लाल कोळी यांच्यावर नजर ठेवावी लागेल, पण द्राक्षासारखे फवारणीचे वेळापत्रक येथे नाही.

आणि वडिलांचा प्रश्न? तो येथेही सुटत नाही. मोगऱ्याला कळीचा भर असतो तेच दिवस विहिरी तळ गाठण्याचे. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा यांसारखी धरणे मुंबईला पाणी पुरवितात आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडची स्थिती फार निराळी नाही. दोनशे झुडपांना रोज चार-पाच लिटर धरले तरी दिवसाला हजार लिटर पाणी झाले. ठिबकवर एवढे पाणी एखाद्या बऱ्या विहिरीतून किंवा अस्तर घातलेल्या शेततळ्यातून निघू शकते. दोन एकर मांडवाला लागणारे पाणी मात्र पुष्कळांजवळ नाही. वडिलांनी एका वाक्यात जे विचारले त्यात अर्धी कृषिविद्या आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतावर गेल्यावर पहिल्याने तोच प्रश्न विचारावा. पीक कोणते, अनुदान किती, हे मागाहून.

द्राक्षाच्या जागी कोणते फळ, असे मुलगा विचारील. आंबा-काजू आहेतच. त्याखेरीज जांभळाकडे लक्ष द्यावे. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीचे जांभूळ मोठ्या, गरदार फळासाठी प्रसिद्ध असून त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' या नावाने निवडलेली जात कलमांनी लावता येते. बदलापूरचे जांभूळ तर मुरबाडच्या शेजारचेच. या झाडाला अडीच हजार मिलिमीटर पावसाचे भय नाही, ते येथील रानातच वाढलेले आहे. फळ नाजूक, उंचावरून काढावयाचे आणि एका दिवसात विकावयाचे, ही त्याची अडचण. त्यातच नेमका पावसाच्या तोंडावर हंगाम आला म्हणजे माल जातो. म्हणून जांभळाची पाच-सात कलमे बांधाच्या बाजूला लावावीत, सर्व वरकस त्याखाली घालू नये. पाहुणे यावेत, शेत पाहावे, चार पैसे द्यावेत, अशी मुलाची कल्पना असेल तर त्यांना दाखविण्यास मोगऱ्याची पहाट आणि जांभळाचे झाड पुरेसे आहे. प्रोव्हान्स पाहण्यास कोणी धसईला येणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथे नाजूक आहे. "हे होणार नाही" एवढे सांगून तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला तर मुलगा पुन्हा डोंबिवलीला जाईल, किंवा कोणा रोपवाल्याच्या हाती सापडेल. त्याला बरोबर घेऊन एकदा माळशेज चढावा. जुन्नर भागातील एखाद्या बागेत ऑगस्टमध्ये उभे राहून बागायतदाराला पावसाळ्यातील फवारण्या मोजावयास सांगाव्यात, आणि परत येताना त्याच दिवशी धसईच्या वरकसावर हाताने माती उकरून पाहावी. मग एक दिवस पहाटे जव्हारच्या बाजूला मोगऱ्याच्या वाडीत न्यावे, शक्य तर त्याच्या आईला किंवा घरवालीला सोबत घेऊन. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वाईनच्या जातींविषयी आणि दापोलीचे विद्यापीठ कोकणातील लागवडीविषयी विचारले असता माहिती देते. पत्राने, दूरध्वनीने विचारावे. शंका घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास तेथे कोणी परत पाठवीत नाही.

इतके करूनही मुलाचे मन वेलीवरच असेल तर त्याला घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी, चार वेली लावू द्याव्यात. खर्च शे-पाचशेंचा. त्यांची पाने गणेश चतुर्थीला किती उरली, दसऱ्याला किती उरली, काडी तपकिरी झाली की हिरवीच राहिली, हे त्याने स्वतः वहीत लिहावे. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर वरकसात तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन जुलैच्या झडीनंतर त्यांतील पाणी किती तासांत जिरते, आणि मेच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यात विहिरीत किती हात पाणी आहे, याची नोंद करावी. खड्ड्यात दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर तेथे मोगराही लावू नये, दुसरा उतार पाहावा. विहिरीतील पाणी मेच्या मध्यापर्यंत टिकत असेल तर पुढच्या पावसाच्या आरंभी पाच गुंठ्यांची आखणी करावयास घ्यावी.